चौदावा चमचा

कुशाबाच्या उजव्या कोपराची ख्याती लालबागपासून पार पोयबावडीपर्यंत होती. गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात कोरं कापड धुवायचे मोठे हौद. त्या हौदांत साबण कालवायचं काम त्याचं. साबण टाकायचा, ढवळायचा, बाही वर सारायची, कोपर बुडवायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "लागला." लागला म्हणजे आता कापडाचा मेणचटपणा आणि मागाचं तेल सुटणार. सव्वीस वर्षांत कोपर चुकलं नाही. एकदा त्याला हिवताप भरला तेव्हा खात्यातली दोन माणसं चाळीत आली आणि म्हणाली, कुशाबाला झोपू दे, कोपर तेवढं द्या, पाळी सुटली की परत आणून देतो. ही गोष्ट कुशाबाची विधवा बहीण सुंदराबाई सांगायची, म्हणून त्यातलं अर्धं सोडून द्यावं. पण उरलेलं अर्धं काही कमी नाही.

अशा माणसाला त्या गुरुवारी गिरणीने चोर म्हटलं.

द्वैभाषिक राज्य डोक्यावर येऊन बसल्याला तीन महिने होत आले होते. इलेक्शन तोंडावर होतं. चाळीत कुणाचा पाय घरात ठरत नव्हता. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी कामगार मैदानावर सभा, मधल्या वेळात भिंती रंगवायच्या. या सगळ्या धावपळीत कुशाबाची लेक सुभद्रा गॅलरीत वही घेऊन येरझाऱ्या घालत पाठांतर करायची. बसून अभ्यास तिला जन्मात जमला नाही. चाळीतून सायन्सला गेलेली ती पहिली पोरगी, आणि तिच्या पायाखालच्या फळ्या इतक्या झिजल्या होत्या म्हणे, की खालच्या मजल्यावरच्या कौसल्याला वरचा दिवा दिसायचा.

गुरुवारी दुपारी भोंगा व्हायच्या आतच बापूस घरी आला, चपला न काढता खाटेवर बसला, आणि सुभद्राच्या येरझाऱ्या थांबल्या. कुशाबाने जे सांगितलं ते एवढंच. दिवाळीनंतर ब्लीचिंग मास्तर जयवंतांनी साबणाचं नवं माप काढलं. लॅबोरेटरीत काचेच्या नळीने थेंब मोजून त्यांनी ठरवलं, की कुशाबा टाकतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासा जास्त साबण बास आहे. कुशाबाने कोपर बुडवलं, नाही लागला म्हणाला. मास्तर म्हणाले, कोपराचं राज्य संपलं, मापाने टाक. त्याने मापाने टाकला. फेस आला खच्चून, पण कापड पिवळं, डाग तसेच. गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. आणि मास्तरांचा हिशेब सरळ होता. एवढा साबण पुरतो हे नळीने सिद्ध झालंय. कापड निघत नाही. म्हणजे एवढा साबण हौदात पडतच नाही. मग जातो कुठे? कागद हातात दिला. सोमवारी दुपारी जबाब द्यायचा, नाहीतर चोरीच्या ठपक्यावर घरी.

शेजारचा लवू समितीचा स्वयंसेवक. विणकामातला, गळा भोंग्यासारखा. तो ऐकूनच पेटला. सोमवारी खातं बंद पाडतो म्हणाला, चार शिट्ट्या मारल्या की आख्खी पाळी बाहेर. कुशाबाने मान हलवली.

"नको रे लवू. संप करून सुटलो तर लोक म्हणतील, चोर होता, पण माणसं मोठी होती त्याच्या मागे."

सुंदराबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आपल्या आज्यावर पण असाच आळ आलेला. त्याने नारळाला हात लावून शपथ घेतली तर नारळ बोलला."

"काय बोलला, आते?" सुभद्रा चिडून म्हणाली.

"ते तो मालवणीत बोलला. पंचांना कळलं नाही."

सुभद्राचं डोकं मात्र नळीवर अडकलं होतं. थेंब मोजायची नळी तिने कॉलेजात हाताळली होती. शुक्रवारी ती रसायनाच्या बाईंच्या पाठी लागली. बाई वरणभाताचा डबा खात होत्या, तो तसाच झाकून त्यांनी फळ्यावर साबणाचा कण काढला. एक डोकं, एक लांब शेपटी. डोक्याला पाणी आवडतं, शेपटी चरबीची, तिला आणि पाण्याला एकमेकांचं वावडं. थोडा साबण टाकला तर कण वर पाण्याच्या पाठीवर जाऊन बसतात, शेपट्या हवेत. त्याने पाण्याची कातडी सैल पडते, थेंब लहान पडतात, म्हणून तेवढ्याच पाण्याचे थेंब जास्त होतात. पाठ भरली, तरी साबण टाकत राहिलात, की एका ठरावीक मापाला आत कण एकदम गोळा व्हायला लागतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. त्याला मायसेल म्हणायचं. डोक्यांवर सगळ्यांच्या एकाच जातीचा विजेचा भार, ती एकमेकांना ढकलतात, म्हणून जमायला एवढा साबण लागतो. तेल, मेण, मळ जाऊन लपतो तो त्या शेपट्यांच्या गर्दीत. त्या मापाच्या खाली नुसता फेस, मळ जागचा हलत नाही. आणि ते माप ओळखायचं कसं, तर थेंबांचा आकडा चढायचा थांबतो.

सुभद्राने विचारलं, ते एकमेकांकडे ओढले जातात का. बाई म्हणाल्या, सगळ्यांना असंच वाटतं. पण साबणाच्या शेपट्यांना एकमेकींचं फार प्रेम नाही. प्रत्येक सुट्या शेपटीभोवती पाण्याला शिस्तीत उभं राहावं लागतं, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. शेपट्या आत लपल्या की ते पाणी सुटतं. पाण्याला मोकळं व्हायचं असतं, म्हणून साबण एकत्र येतो. "गंमत म्हणजे उष्णता फारशी निघत नाही की शिरत नाही," बाई म्हणाल्या, "थर्मामीटर धरून बसलीस तर काही घडलंच नाही असं वाटेल."

नळी त्यांनी दिली, एक काचेचा मोठा बुधला भरून ऊर्ध्वपातित पाणी दिलं, आणि बजावलं, की एकदा मोजलेला आकडा हा आकडा नसतो. दोनदा मोज.

घरी तिने हे सगळं कुशाबाला सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, हे तर आमच्या गाळ्यासारखं झालं. लग्नाआधी तो एका खोलीत सतरा जणांत राहायचा. जागा पुरावी म्हणून सगळे गोल झोपायचे, पाय आत एकमेकांत, डोकी बाहेर भिंतीकडे.

"एकमेकांवर माया होती म्हणून नाही गो. बाहेर जागा नव्हती म्हणून."

साबण गिरणीतला हवा होता, पण कुशाबा नखभर कणसुद्धा घरी आणायला तयार नव्हता. गिरणीला साबण पुरवणाऱ्या कारखान्याचीच वडी चिवडा गल्लीतल्या दुकानात मिळायची, ती आणली. सुभद्राने किसली, कोमट पाण्यात विरघळवली. मग तांब्यात मापाने बुधल्यातलं पाणी घ्यायचं, त्यात एक चमचा साबणपाणी टाकायचं, नळी वरच्या खुणेपर्यंत भरायची आणि खालच्या खुणेपर्यंत थेंब मोजायचे. परत एक चमचा, परत थेंब. मास्तरांचं माप आणि बापसाचं जुनं माप तिने कोळशाने भिंतीवर गणित मांडून तांब्याच्या हिशेबात आणलं. मास्तरांचे पडत होते साडेपाच चमचे. कोपराचे पंधरा.

शनिवारी दुपारी सगळी चाळ गॅलरीत जमली. सुंदराबाई मांडीवर चिंचोके घेऊन बसली, दर दहा थेंबांना एक चिंचोका बाजूला. नुसत्या पाण्याचे एक्केचाळीस थेंब पडले. पहिल्या चमच्याला पंचेचाळीस. चौथ्याला सत्तावन्न. मधेच खालून फेरी गेली आणि 'झालाच पाहिजे' म्हणून सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली, तेव्हा सातव्या चमच्याचे थेंब परत मोजावे लागले. नळी निसटू नये म्हणून सुभद्रा सारखी पदराला हात पुसत होती. तेराव्याला चौऱ्याण्णव. चौदाव्याला अठ्ठ्याण्णव. पंधराव्यालाही अठ्ठ्याण्णव. सोळाव्यालाही.

चौदाला थांबलं. कुणाला काय कळलं देव जाणे, पण लवूने शिट्टी घातली. कुशाबा हळूच म्हणाला, "चौदा साबणाचे. एक मळाचा," आणि उठून तोंड धुवायला गेला. पाच मिनिटं धूत होता.

त्या रात्री सुभद्रा गाढ झोपायला हवी होती. पण तिला बाईंचं वाक्य टोचत राहिलं. दोनदा मोज. शिवाय मास्तर काही येडे नव्हते. नळी त्यांची, डोळे त्यांचे, मग त्यांना साडेपाचच्या आत कसं काय मिळालं?

रविवारी सकाळी तिने पुन्हा मांडामांड केली. या वेळी फक्त बाप, आते आणि ती. पाण्याचे एक्केचाळीस. पहिल्या चमच्याला एकदम एकोणसाठ. तिला वाटलं, मोजण्यात चूक. तिसऱ्याला ब्याऐंशी. पाचव्याला सत्त्याण्णव. सहाव्याला सत्त्याण्णव, सातव्यालाही सत्त्याण्णव.

पाचला थांबलं. वर अर्धा मळाचा धरला, की मास्तरांचाच आकडा.

तिने तांब्या ओतून परत घासला, परत भरला, परत मोजलं. पाच. साबण तोच, नळी तीच, चमचा तोच. मग ती उठली आणि गॅलरीत फेऱ्या घालायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खालून कौसल्याने ओरडून विचारलं, की आज घोडा बांधलाय का वर. कालचा आकडा तेवढा घेऊन गेलं तर? कोण विचारणार होतं? चाळभर साक्षीदार होते चौदाचे. आजचं फक्त तिघांना माहीत. बाप दारात येऊन उभा राहिला. त्याने मोजणी पाहिली होती, पण पाच म्हणजे काय हे विचारायचं धाडस केलं नव्हतं.

"दुसरा वेगळा आला ना गो?"

ती वळून पुन्हा त्या टोकाला निघाली.

"मग दोन्ही सांगायचे. एकच सांगितला तर मी खरंच काहीतरी चोरलं म्हणायचं."

एवढं बोलून तो आत गेला, आणि सुभद्राला वाटलं, आता संपलं. सोमवारी तीच आपल्या हाताने बापाला चोर ठरवणार.

संध्याकाळी सुंदराबाई चूल पेटवता पेटवता अगदी खुशीत होती. घरात मयत झाल्यासारखी शांतता, आणि ही बाई गुणगुणतेय. सुभद्राने रागाने विचारलं, तुला कसला आनंद झालाय.

"तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या तोंडून काही बरं निघायचं नाही," आते म्हणाली. "काल चौदा चमचे लागत होते, आज पाचात काम झालं. गुण आला की नाही?"

"कसला गुण?"

"काल सगळी चाळ डोळे फाडून त्या बुधल्याकडे बघत होती. ती कौसल्या तर पापणी न हलवता. फुटला असता तो रात्रीत. मी दृष्ट काढली. मोहरी-मिरच्या चुलीत घातल्या, तर असा खाट उठला, असा ठसका, की समोरच्या चाळीतला माणूस शिंकला."

"आणि मीठ?"

"मीठ पाण्यात सोडायचं असतं. विरघळलं की नजर विरघळली."

"कुठल्या पाण्यात, आते?"

"ज्याला लागली त्याच्याच पोटात. चांगलं मूठभर. कंजूषपणा केला नाही मी."

सुभद्राने बुधला उचलून तोंडाला लावला. खारट. ती आतेवर ओरडणार होती, तोंड उघडलंही होतं. पण तोंड तसंच उघडं राहिलं. साबणाची डोकी एकमेकांना ढकलतात, बाईंनी सांगितलेलं. सगळ्यांवर एकच भार. म्हणून गोळा व्हायला जास्त साबण लागतो. मीठ पडलं की ढकलाढकली मिटते, कमी साबणातसुद्धा गर्दी जमते. पाचातच जमते. आणि मास्तरांचीही पाचातच जमली होती.

"बाबा," ती आत धावली, "गिरणीत मीठ कुठे असतं?"

कुशाबा जबाबाचा कोरा कागद समोर घेऊन बसला होता. त्याने वर पाहिलं. मीठ? मिठाच्या गोणी येतात की वडाळ्याहून. विहिरीचं पाणी जड, ते नरम करायची मोठी टाकी आहे. तिच्यात वाळूसारखं काहीतरी असतं, ते दमलं की पहाटे मिठाच्या पाण्याने धुवायचं. मग साधं पाणी सोडून मीठ घालवायचं आणि नरम झालेलं पाणी वर हौदाच्या टाकीत चढवायचं.

"आणि लॅबोरेटरीचा नळ?"

"तो नरम करायच्या टाकीच्याच बुडाशी, खारं पाणी साचतं तिथे. नवा आहे. मास्तरांनीच बसवून घेतला, लांबून पाणी आणायला नको म्हणून."

"कधी?"

कुशाबाने कागद खाली ठेवला. "दिवाळीत," तो म्हणाला.

सोमवारी दुपारी जयवंत मास्तरांच्या खोलीत कुशाबा शिरला तो लेकीला घेऊन. मास्तर दादरचे, उंच, जाड चष्म्याचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि ही कोण म्हणून विचारलं.

"माझी पोरगी, साहेब. कॉलेजात जाते. जबाब तिच्या तोंडून ऐका. माझ्या तोंडून तुम्हाला चोरीच ऐकू येते."

सुभद्राने पाठ केलेली सगळी वाक्यं त्याच क्षणी पळाली. तिने एवढंच म्हटलं, की सर, तुमच्या नळाचं पाणी चाखून बघा. मास्तर म्हणाले, ते पिण्याचं पाणी नाही. ती म्हणाली, म्हणूनच कुणी चाखलं नाही. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पाण्याचा जडपणा आपण रोज तपासतो, त्यांनी सांगितलं, पाणी नरमच आहे. पण बोलता बोलता त्यांनी ग्लास नळाखाली धरला, ओठाला लावला, आणि ग्लास तसाच हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. मग शिपायाला हौदाच्या टाकीतलं पाणी आणायला पाठवलं. तेही चाखलं. दोन्ही ग्लास टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"साबण आण, कुशाबा," ते म्हणाले.

सुभद्राने नळी मास्तरांपुढे धरली, म्हणाली, तुमच्याच हाताने होऊ दे. नळी मास्तरांनी धरली आणि ती मोजत राहिली, मोठ्याने, शाळेतल्या पाढ्यांसारखी. चमचा, तांब्या आणि साबण कालवायचं माप तिने घरूनच आणलं होतं. हौदाच्या पाण्याचा दहावा चमचा झाला, आकडा चढतच होता. बाराव्याला मास्तरांनी खुर्ची मागे सारली आणि उभं राहून नळी धरली. कुशाबा भिंतीला पाठ लावून उभा, नजर जमिनीवर. चौदाव्याला अठ्ठ्याण्णव. पंधराव्याला ती सत्त्याण्णववर थांबली, आणि पुढचा शेवटचा थेंब मास्तरांनीच मोजला.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले.

मास्तरांनी टेबलावरचा ठपक्याचा कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवायला लागले.

"खिशात नको, साहेब," कुशाबा भिंतीपासूनच म्हणाला. "फाडा."

मास्तरांनी फाडला. आधी दोन, मग चार तुकडे. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, पण वहीत साबणाच्या मापासमोर त्यांनी आपल्या हाताने जुना आकडा लिहिला, आणि नळ उद्याच हलवायचा असं शिपायाला सांगितलं. मग टोपण लावताना त्यांनी सुभद्राकडे बघितलं.

"मिठाचं तुला कसं सुचलं? हे पुस्तकात सहज सापडत नाही."

सुभद्राने बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे पाहिलं.

"आमच्या आतेने पाण्याची दृष्ट काढली, सर."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पुसत राहिले.

कुशाबा हौदावर गेला, पंधराच्या हिशेबाने साबण टाकला, ढवळला, बाही सारून कोपर बुडवलं. सुभद्रा दारातून बघत होती. गुरुवारपासून पहिल्यांदाच तिला पाय दुखतायत असं जाणवलं, आणि बाजूला पडलेल्या रिकाम्या मिठाच्या गोणीवर ती मटकन बसली.

त्या संध्याकाळी चाळीत सुंदराबाई गोष्ट सांगत होती. मास्तरांनी म्हणे पाण्याचा घोट घेतला आणि त्यांची वाचाच गेली. मग त्यांनी खुणेने विचारलं, ही विद्या कुणाची, आणि नाव ऐकून लालबागच्या दिशेने हात जोडले. गिरणीचा भोंगा आपोआप तीनदा वाजला. लवूने विचारलं, भोंगा आम्हाला कसा ऐकू नाही आला. आते म्हणाली, तुझे कान घोषणांनी बसलेत.

जन्मभर आतेच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी सुभद्रा त्या दिवशी उंबऱ्यावर गप्प बसून होती. कौसल्याने तिला विचारलंसुद्धा, हे सगळं खरंच झालं का गो. सुभद्रा म्हणाली, पुष्कळसं.

मिठाचा सट मात्र तिने झाकण घट्ट लावून, उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तो परत खाली, चुलीशेजारी होता.